दिशा सापडली हो!

मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांचे हार्दिक अभिनंदन. क्लबला अखेर दिशा सापडली आहे. २०१३ मध्ये सर ॲलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाल्यापासून ती दर दोन-तीन वर्षांनी न चुकता सापडते आहे. एवढे सातत्य इतर क्लबांनी शिकण्यासारखे आहे.

खरेदीतील दूरदृष्टीही वाखाणण्याजोगी. पॉल पोग्बाला २०१२ मध्ये युव्हेंटसकडे जवळपास फुकट जाऊ दिले, २०१६ मध्ये तिथूनच ८.९ कोटी पौंड मोजून परत आणले आणि २०२२ मध्ये पुन्हा तिकडेच फुकट सोडले. अडाणी लोक याला तोटा म्हणतात. जाणकार आहेर म्हणतात.

मग ठरले, आधी खेळाडू निवडणारा माणूस निवडावा. न्यूकॅसलला भरपाई देऊन आणलेले डॅन ॲशवर्थ जुलै २०२४ मध्ये रुजू झाले आणि डिसेंबरात मोकळे झाले. त्याच जुलैत मुदतवाढ मिळालेले प्रशिक्षक एरिक टेन हाग तर ऑक्टोबरातच घरी गेले. यापुढे नेमणुकीचे आणि बडतर्फीचे पत्र एकाच लिफाफ्यात द्यावे, म्हणजे टपालखर्च वाचेल.

त्या हंगामात संघ २० पैकी १५वा आला. प्रगतीला एवढा वाव अव्वल संघाला कुठून मिळणार?

चाहत्यांच्या निष्ठेची कदरही क्लबने हंगामाच्या मध्यातच केली. उरलेली तिकिटे सरसकट ६६ पौंड, मुलांना आणि वृद्धांनाही सवलत नाही. आशेला वय नसते.