फक्त पाय पोचला

सीताफळांच्या दिवसांत दौलताबादला जावं. किल्ल्याच्या पायथ्याशी पाट्या मांडलेल्या असतात, शाळेची सहल आलेली असते आणि एक सर घसा ताणून ओरडत असतात, ‘‘लाईनीत! लाईनीत!’’ सर बघतील तिकडची लाईन सरळ होते. पाठ फिरली की तीच लाईन सीताफळांच्या पाटीभोवती गोळा होते.

किल्ल्याला याचं नवल नसावं. १३२७च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीच्या लोकांना असंच इकडे चालतं केलं. प्रवासी इब्न बतूता पुढे काही वर्षांनी दिल्लीत आला, तेव्हा त्याच्या कानावर आलेली हकीकत त्याने लिहून ठेवली आहे. दिल्लीत मागे राहिलेल्या एका आंधळ्याला दौलताबादपर्यंत फरफटत न्यायचा हुकूम सुटला. वाट चाळीस दिवसांची. दौलताबादला त्याचा फक्त पाय पोचला. इतिहासकार म्हणतात, यात तिखटमीठ बरंच असणार. असेलही. पण हुकमाची तामील झाली, अशी नोंद करायला पाय पुरेसा होता!

हल्ली अंगठा पुरतो. साहेब कडक असले की दहाच्या ठोक्याला सगळे अंगठे यंत्रावर हजर. अंगठ्यांचे मालक सव्वादहाला टपरीवर कटिंग पीत उभे. कामात लागायची ती हुशारी साहेबांचा अंदाज घेण्यात खर्च होते. जिन्यावरच्या बुटांच्या आवाजावरून आज कोणाची खैर नाही, हे शिपाई बिनचूक सांगतो. साहेबांची मला खरं तर कीवच येते. ते खोलीत आले की हसणं थांबतं, त्यामुळे आपल्या ऑफिसात कोणी हसत नाही, अशी त्यांची निवृत्तीपर्यंत समजूत असते.

कडक तर निजामशाहीचा वजीर मलिक अंबरही होता. त्याशिवाय १६१०मध्ये खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, राजधानी वसली नसती. पण त्याची नहर बघावी. डोंगराकडून जमिनीखालून पाणी शहरात आणलं ते निव्वळ उतारावर. उताराचं माप कडक, त्यात सूट नाही. पण नळात हवा कोंडू नये म्हणून जागोजागी मनोरेही उभारलेले. कोंडलेल्याला मोकळं व्हायला जागा ठेवणारा शिस्तीचा माणूस मला फारसा भेटलेला नाही. निदान ऑफिसात तरी नाही.

आता त्याच शहराला वळण लावतो तो घरचा नळ. चार-आठ दिवसांनी कधीतरी येणार, तोही रात्री अडीचला. आमच्या गल्लीत एक निवृत्त साहेब आहेत, एके काळी अख्खं खातं त्यांना टरकून असायचं. तेही तेव्हा लुंगी खोचून, पाईपचं टोक टाकीत धरून उभे असतात. इथे नुसत्या अंगठ्यावर भागत नाही, सगळा माणूस हजर लागतो.