दहा चौरस मीटर मुंबई

मुंबईला गेलेला शिंपी शिलाई वाढवतो, न्हावी कटिंगचे जास्त घेतो. फार्मासिस्टाला ती सोय नाही. पाकिटावर छापलेली किंमत कराडात तीच आणि वांद्र्यात तीच. किंमत नियंत्रणाखालच्या औषधांवर किरकोळ दुकानदाराने किती खायचं, तेही २०१३च्या आदेशात ठरलेलं आहे : १६ टक्के. दुकानाच्या भाड्याबद्दल मात्र असा कुठलाच आदेश नाही. त्यामुळे मुंबईतलं मेडिकल औषधांवर चालत नसून डायपर, शाम्पू आणि चॉकलेटवर चालतं, असा माझा दाट संशय आहे. बी.फार्म.च्या चार वर्षांत डायपरचे साइज आम्हाला कुणी शिकवले नाहीत.

हे सगळं मी मामांना ऐकवलं. कराडात मेडिकल त्यांचं, काउंटरला मी.

"जा की मग," मामा म्हणाले. "हितं काय दाव्याला बांधलंय का तुला?"

नाही कसं? आमचं गिऱ्हाईकच बांधून ठेवतं.

"ती पांढरी दे रं."

"कुठली पांढरी, आजी?"

"मागल्या खेपेला न्हाई का दिलीस! बारकी."

दुकानातल्या निम्म्या गोळ्या पांढऱ्या आणि बारक्याच. मग सुनेला फोन, मग बीपीची की शुगरची, मग गुडघा, मग नातवाची सोयरीक. गोळी सापडते, पैसे "ऊस गेल्यावर". कारखान्याचा पहिला हप्ता येईपर्यंत मामा घाऊकवाल्याला तोंड दाखवत नाहीत.

दादरच्या एका दुकानात ओळखीने बसून पाहिलं. गिऱ्हाईक कानात इअरफोन घालून येतं, मोबाइलवरची चिठ्ठी आपल्या नाकासमोर धरतं आणि एकच प्रश्न विचारतं : "डिस्काउंट किती?" एका गृहस्थांना मी आपलेपणाने "जेवल्यावर घ्या हं" म्हणालो, तर ते दचकलेच. ही कुठली तरी नवी स्कीम असावी, असं त्यांना वाटलं असणार.

किरकोळ मेडिकलला किमान १० चौरस मीटर जागा लागते, असा नियम आहे. मालकांनी मला राहायला सुचवलेली खोली मी काही मोजली नाही, पण तिच्यावर लायसन मिळालं नसतं. आणि ती विरारला होती.

तरी पारडं मुंबईकडे झुकलं ते परळमुळे. टाटा हॉस्पिटलच्या आसपासच्या मेडिकलांत इमॅटिनिब, कॅपेसिटाबिन ही परीक्षेपुरती घोकलेली नावं खरोखरच्या चिठ्ठ्यांवर दिसतात. बिहारकडचा एक माणूस फाइल छातीशी धरून उभा होता. मागे ही रांग! पण काउंटरवरचे काका त्याला सांगत होते, कॅपेसिटाबिन जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत घ्यायची, चावायची नाही, तोडायची नाही. मग त्याच्याकडून सगळं परत म्हणवून घेतलं. रांगेतलं कुणी हूं की चूं केलं नाही. या कामासाठी शिकलो होतो, हे मला कराडात अधूनमधून विसरायला होतं. शिवाय प्रिन्सेस स्ट्रीटचा घाऊक बाजार हाकेवर. आमच्याकडे अडलेलं इंजेक्शन "उद्या पुण्याहून येईल" आणि हा उद्या कधी उगवेल ते सांगता येत नाही.

दादरच्या मालकांशी बोलणी शेवटच्या टप्प्यावर आली.

"आठला शटर उघडायचं. नोंदणी झालेला फार्मासिस्ट हजर नसेल तर चिठ्ठीवरचं औषध देता येत नाही."

म्हणजे दादरकरांचं बीपी विरार लोकलच्या भरवशावर. "गाडी लेट झाली तर?"

"आधीची पकडायची."

"तिच्यात चढायलाच मिळालं नाही तर?"

मालकांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "कराडचे ना तुम्ही? खाशाबा जाधवांच्या मुलखातले. चढाल हो!"

खाशाबांनी १९५२ला हेलसिंकीत कांस्यपदक घेतलं, पण त्यांच्यासमोर गादीवर एका वेळी एकच माणूस होता.