अर्ज, अस्थी आणि अनामत

महसूल खात्यात हयात घालवलेल्या मनुष्यास जगातील यच्चयावत व्यवहार अखेर अर्जाच्याच रूपात दिसू लागतात, आणि दुसऱ्याच्या अर्जातील उणीव शोधून काढण्याची त्याची खुमखुमी सेवानिवृत्तीच्या आदेशाने शमत नाही. त्यामुळे मी न्यू जर्सीस ताईकडे मुक्कामास असताना तिने आपल्या कन्येच्या वैद्यकीय प्रवेशाचे प्रकरण माझ्यापुढे ठेवले, तेव्हा मी ज्या तडफेने चष्मा पुसून पुढे सरसावलो, तिच्या चतुर्थांश तडफ सेवाकाळात दाखवली असती तर निदान नायब तहसीलदार म्हणून तरी निवृत्त झालो असतो, असे आमच्या कुटुंबाचे मत पडले.

अमेरिकेत डॉक्टर होण्याचे राजमार्ग दोन : एक एम.डी.चा, दुसरा डी.ओ.चा, म्हणजे ऑस्टिओपॅथीचा. औषधे लिहून देणे, शस्त्रक्रिया करणे, वाटेल त्या शाखेत विशेषज्ञ होणे हे सर्व अधिकार दोघांस सारखेच; 1973 साली मिसिसिपी राज्याने सर्वांत शेवटी आपला हट्ट सोडल्यापासून डी.ओ.ला पन्नासही राज्यांत पूर्ण परवाना मिळतो, आणि आज त्या देशात वैद्यक शिकणाऱ्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश मुले याच महाविद्यालयांत आहेत. भेद इतकाच, की डी.ओ.च्या विद्यार्थ्यास बाकीचा सर्व अभ्यास करून वर सुमारे दोनशे तास हातांनी मणके, सांधे आणि स्नायू चाचपण्याचे व मोकळे करण्याचे शिक्षण घ्यावे लागते. विद्या थोडी अधिक आणि प्रतिष्ठा थोडी उणी, असा हा सौदा असल्यामुळे तो मराठी मध्यमवर्गाच्या पचनी पडणे कठीणच होते. ताईच्या पुण्याच्या जाऊबाईंनी दूरध्वनीवर सर्व हकीकत शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "म्हणजे आपल्याकडचे हाडवैद्य असतात, तसेच ना?" त्यानंतर ताई दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही.

या मनस्तापाचे मूळ शोधू जाता ते अँड्र्यू टेलर स्टिल या गृहस्थापाशी येऊन थांबते. 1828 साली व्हर्जिनियात जन्मलेल्या या मनुष्याला लहानपणी डोकेदुखीचा विकार होता. एके दिवशी त्याने वडिलांच्या नांगराचा दोर दोन झाडांना जमिनीलगत बांधला, त्यावर घोंगडी टाकून मान टेकली, आणि तेथेच झोप लागून उठतो तो डोके उतरलेले. पुढे तो डॉक्टर झाला; पण 1864 साली मस्तिष्कज्वराने त्याची तीन मुले दगावली, आणि त्या काळच्या औषधांवरून, ज्यांत पाऱ्याचे प्रमाण दयेपेक्षा अधिक असे, त्याचे मन कायमचे उडाले. 1874 साली त्याने आपल्या नव्या मताचा उद्घोष केला आणि 1892 साली मिसूरीतील कर्क्सव्हिल येथे पहिले विद्यालय काढले. आता खरी गोम येथे आहे. राज्याने दिलेल्या सनदेन्वये त्यास आपल्या विद्यार्थ्यांना एम.डी. ही पदवी देण्याची मुभा होती! परंतु या मानी पुरुषाने ती मुभा झिडकारली आणि स्वतःची निराळी पदवी काढली. सही करतेवेळी त्याने अंमळ नमते घेतले असते, तर शतकाहून अधिक काळानंतर न्यू जर्सीतील एका दिवाणखान्यात भावोजी, ताई आणि मी असे तिघेजण वरणभात निवत ठेवून दोन अक्षरांसाठी वाद घालीत बसलो नसतो.

अर्जाबद्दल मात्र मला अमेरिकनांचे कौतुक वाटले. डी.ओ. महाविद्यालयांचा सामाईक अर्ज संगणकावर भरावयाचा असतो. तो मे महिन्यात खुला होतो, आणि जागा जसजशा अर्ज येतील तसतशा भरत जात असल्यामुळे आळशी उमेदवार गुणवान असूनही मागे पडतो. महाविद्यालयातील प्रत्येक विषय, त्याची श्रेणी, त्याचे तास ही सर्व नोंद उमेदवाराने स्वहस्ते करावयाची, आणि तीच माहिती असलेली गुणपत्रिका विद्यापीठानेही स्वतंत्रपणे धाडावयाची, म्हणजे दोहोंचा ताळा घेता यावा. ही पद्धत ज्याने बसवली तो पूर्वजन्मी आमच्याच कचेरीत असला पाहिजे. निवेदनास 5,300 अक्षरांची मर्यादा आहे, आणि शब्दांमधील रिकाम्या जागाही अक्षरे म्हणून मोजल्या जातात. सरकारास रिकाम्या जागेचाही हिशेब द्यावा लागतो, हे तत्त्व आमच्या भाचीस पटेना, मला तत्काळ पटले. पहिल्या महाविद्यालयासाठी दोनशे डॉलरांच्या घरात शुल्क, पुढच्या प्रत्येकासाठी निराळे, आणि एवढे झाल्यावर बहुतेक महाविद्यालये दुसरा अर्ज पाठवतात, ज्याची फी पुन्हा वेगळी. प्रवेशपरीक्षेचे गुण 472 पासून 528 पर्यंत मोजतात. शून्याऐवजी 472 पासून मोजणी सुरू होते हे ध्यानात येईपर्यंत भावोजींनी मुलीच्या पाचशेहून अधिक गुणांची वार्ता पुण्यापर्यंत पोचवली होती. ध्यानात आल्यावर त्यांनी ती मागे घेतली नाही, एवढे येथे नमूद करतो.

परंतु या सर्व रकान्यांत एक रकाना असा होता की त्यापुढे आमचे खानदान हतबल झाले. ऑस्टिओपॅथीच का? बहुसंख्य महाविद्यालये हा प्रश्न या ना त्या रूपात विचारतात. याचे खरे उत्तर हजारो उमेदवारांच्या बाबतीत असे असते, की एम.डी.चे दरवाजे पुरेसे उघडले नाहीत; हे विचारणाऱ्यास ठाऊक असते, सांगणाऱ्यास ठाऊक असते, आणि तरीही ते लिहिणाऱ्याचा अर्ज निकालात निघालाच म्हणून समजावे. माझ्या मते या प्रश्नाद्वारे उमेदवाराचे सत्यप्रेम जोखले जात नसून, भावी रुग्णासमोर अवघड गोष्ट सभ्यपणे कशी मांडता येईल याची ती पूर्वपरीक्षा आहे. मी या उत्तराचा मसुदा करण्याचे काम अंगावर घेतले. स्टिल यांचे चरित्र वाचले, दोराचा प्रसंग सविस्तर वर्णिला, 1901 साली मार्क ट्वेन यांनी ऑल्बनीच्या विधिमंडळापुढे ऑस्टिओपॅथांची बाजू मांडल्याचा दाखला जोडला, आणि शेवटी देह, मन व आत्मा यांच्या अद्वैतावर असा परिच्छेद लिहिला की तो लिहिता लिहिता माझीच मान ताठ झाली.

भाचीने तो वाचून शांतपणे बाजूला ठेवला. "मामा, तू स्वतःच ॲडमिशन घे," ती म्हणाली. "यात माझ्याबद्दल एकच वाक्य आहे, आणि त्यातसुद्धा मला वर्षं चुकीची लावलीस."

तिने निवेदन आपले आपण लिहिले. ज्या डी.ओ. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात ती उमेदवारीस बसत असे, त्या बाई रुग्णाची तक्रार ऐकतानाच त्याच्या पाठीवर हात ठेवत आणि मग निम्मे प्रश्न विचारण्याची गरजच उरत नसे, एवढीच हकीकत तिने साध्या भाषेत मांडली. शिफारसपत्रही त्याच बाईंचे. अनेक महाविद्यालयांना एखाद्या डी.ओ.चे शिफारसपत्र हवेच असते. निवेदन मला फार कोरडे वाटले. त्यावर तिला मुलाखतींची बोलावणी आली, यावरून परीक्षकांची अभिरुची काय असेल ती असो.

मधल्या काळात भावोजींना कॅलिफोर्नियाचा इतिहास सापडला होता. 1962 साली त्या राज्यात दोन्ही पंथांच्या संघटनांचे विलीनीकरण झाले आणि दोन हजारांवर डी.ओ. डॉक्टरांनी केवळ 65 डॉलर भरून आपल्या नावापुढे एम.डी. लावून घेतले; परीक्षा नाही, चौकशी नाही, निव्वळ फेरफाराची नोंद. जमिनीच्या फेरफारासाठी लोकांना वर्षानुवर्षे हेलपाटे घालावयास लावणाऱ्या खात्याचा मी माजी सेवक, मला तर गहिवरून आले. "आता तो भाव मिळेल का हो?" भावोजींनी विचारले. मी त्यांना सांगितले की ती योजना गुंडाळली गेली असून पुढे 1974 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने डी.ओ.ना पुन्हा परवाने देण्यास भाग पाडले. त्यांची मुद्रा पाहून मला शेवटचा भाग सांगितल्याचा पश्चात्ताप झाला.

महाविद्यालयांचे मूल्यमापन करण्याची कुटुंबाची पद्धत आणि उमेदवाराची पद्धत यांत मात्र मोठे अंतर पडले. ताईची कसोटी विमानतळापासूनचे अंतर. भावोजींची, इमारतीचे छायाचित्र. भाचीने मात्र एका तक्त्यात असे प्रश्न लिहून ठेवले होते की आमच्या खात्याचे लेखापरीक्षक लाजावेत. महाविद्यालयाचे स्वतःचे रुग्णालय आहे काय? नसल्यास, आणि बहुधा नसते, तिसऱ्या व चौथ्या वर्षी विद्यार्थ्यांना कोणत्या गावांच्या रुग्णालयांत धाडतात? बिऱ्हाड कोणी शोधायचे? चार वर्षांत किती जण गळतात? किती जणांना निवासी डॉक्टरची जागा मिळते? 2020 पासून दोन्ही पंथांच्या निवासी प्रशिक्षणाची व्यवस्था एकत्र झाली, तरी परीक्षा निराळ्याच राहिल्या, तेव्हा डी.ओ.ची परीक्षा देऊन वर एम.डी.वाल्यांचीही द्यावी लागेल काय, आणि तिच्या अभ्यासास वेळ मिळतो काय?

मुलाखत संगणकाच्या पडद्यावर झाली. मला खोलीत मज्जाव असल्यामुळे मी दाराबाहेर उभा राहून ऐकत होतो. शेवटी परीक्षकांनी रिवाजाप्रमाणे विचारले, काही शंका आहे काय? भाचीने रुग्णालयांचा प्रश्न टाकला. पलीकडून उत्तर आले, आमच्या विद्यार्थ्यांना अत्यंत वैविध्यपूर्ण अनुभव मिळतो. हे वाक्य मी आयुष्यभर वेगवेगळ्या शब्दांत लिहीत आलो आहे. त्याचा अर्थ, माहिती उपलब्ध आहे पण देता येत नाही. बाहेर येऊन भाची म्हणाली, "तीन राज्यं, मामा. दर दोन महिन्यांनी सामान बांधायचं."

त्याच महाविद्यालयाचे होकारपत्र सर्वांत आधी आले, आणि हातची जागा सोडू नये म्हणून भावोजींनी दोन हजार डॉलरांची अनामत त्याच संध्याकाळी भरली. काही आठवड्यांनी, एकाच गावात दोन रुग्णालये बांधून घेतलेल्या दुसऱ्या महाविद्यालयाचा होकार आला. भाचीने पहिल्या जागेवरचा हक्क सोडला. वर्षाला पन्नास-साठ हजार डॉलर शुल्क भरण्याच्या कल्पनेने जे भावोजी विचलित झाले नव्हते, ते अनामत परत मिळत नाही हे कळताच अन्नावरून उठले. तो नियम पत्रात ठळक अक्षरांत छापलेला होता. परंतु ठळक अक्षरांतील नियमास अपवाद नसतो असे मानणाऱ्याने कचेरीत एक दिवसही काढलेला नसावा. मी कोरा कागद पुढे ओढला, डावीकडे रुंद समास सोडला, आणि लिहिले : मेहेरबान प्रवेशाधिकारी साहेब यांचे सेवेशी, विषय, अनामत रक्कम सहानुभूतिपूर्वक परत मिळणेबाबत.

"साहेब नाही, मॅडम आहेत," भाची मागून म्हणाली. मी समासात दुरुस्ती करून तीखाली आद्याक्षरी केली आणि पहिल्या परिच्छेदास हात घातला.