सेटअप चालू आहे

"झालंय सगळं काका. फक्त सेटअप तेवढा बाकी आहे."

हे वाक्य तुम्हीही ऐकलेलं आहे. म्हणणारा तुमचा भाचा असेल, ऑफिसात नवा लागलेला ट्रेनी असेल, नाहीतर पस्तिशीत अचानक 'कोडिंगकडे वळलेला' मेहुणा असेल. आमच्याकडे हा प्राणी वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या चिरंजीवांच्या रूपाने नांदतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये चिरंजीवांनी जाहीर केलं की आपण ओपन सोर्समध्ये उतरणार. मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, एवढ्या गुन्ह्यापायी रोज संध्याकाळी जिन्यात मला प्रगतीचा अहवाल मिळू लागला.

सुरुवातीचे दिवस एडिटर निवडण्यात गेले, पुढचे एडिटरचा रंग निवडण्यात. काळ्या पडद्यावर जांभळी अक्षरं बरी की पोपटी, यावर चिरंजीवांनी तासन् तास व्हिडिओ पाहिले. मग अक्षरांचा फॉन्ट. मग कंस आपोआप बंद करणारं एक्स्टेन्शन, मग त्या कंसांना सप्तरंगी करणारं एक्स्टेन्शन. कोडची ओळ एकच होती, 'हॅलो वर्ल्ड' छापणारी. तिच्यात सप्तरंगी करायला कंसांची जोडीही एकच होती.

पायथन बसवताना इन्स्टॉलरच्या पहिल्याच खिडकीत तळाशी एक छोटा चौकोन असतो. त्यावर बरोबरची खूण केली तर पायथनचा पत्ता संगणकाच्या 'पाथ'मध्ये नोंदवला जातो. नाही केली तर पायथन येतं, पण नाव घेऊन हाक मारली तर सापडत नाही. चिरंजीवांनी चौकोन सोडला. पायथन सापडेना म्हणून दुसरी आवृत्ती बसवली, मग तिसरी. शेवटी लॅपटॉपवर तीन पायथन सुखाने राहत होते आणि हाकेला एकही ओ देत नव्हता.

"कुठवर आलं?" मी विचारलं.

"सेटअप चालू आहे."

मग शोध लागला की दोष विंडोजचाच. खरे डेव्हलपर लिनक्सवर असतात. मिंट आलं, ते 'हलकं' वाटलं म्हणून उबंटू आलं. उबंटूमध्ये वाय-फाय दिसेना. वाय-फायचा ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवायचा आणि इंटरनेट वाय-फायवरून यायचं, या कोड्यावर आठवडाभर मान खाली घालून विचार झाला, मग माझा फोन केबलने जोडला गेला आणि माझा डेटा संपला. पुढे शिस्त म्हणून चिरंजीवांनी डेव्हलपमेंटसाठी वेगळा युजर उघडला आणि त्यातून 'सुडो' म्हणून कमांड दिली. पासवर्ड टाइप करताना टर्मिनलमध्ये ठिपकासुद्धा उमटत नव्हता. त्यामुळे कीबोर्ड बिघडला असं समजून आधी कीबोर्ड झटकून झाला. मग पडद्यावर इंग्रजीत आलं की तुमचं नाव परवानगीच्या यादीत नाही आणि या प्रकाराची तक्रार नोंदवली जाईल.

चिरंजीव पांढरेफटक पडून खाली आले. "काका, तक्रार कुणाकडे जाते?"

लॅपटॉप त्यांचा, ॲडमिन तेच. तक्रार त्यांच्याकडेच येणार होती. हे समजावल्यावरही दोन दिवस ते दारावरची बेल वाजली की आतल्या खोलीत जात, असं काकू सांगतात.

व्हिम एडिटरचं प्रकरण काकूंपर्यंत पोचलं ते निराळ्याच वाटेने. ब्रॅम मूलेनार या डच प्रोग्रामरने १९९१ मध्ये व्हिम पहिल्यांदा लोकांना दिला, तोही फुकट. पुढे बदल्यात एवढंच मागणं ठेवलं की जमलं तर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. नुसता व्हिम उघडला की पुष्कळदा ही विनंती पडद्याच्या मधोमध दिसते. चिरंजीवांनी व्हिम उघडला आणि जगातल्या असंख्य नवशिक्यांप्रमाणे त्यांना तो बंद करता येईना. हा काही कमीपणा नव्हे. व्हिममधून बाहेर कसं पडायचं, हा प्रश्न २०१२ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोवर कुणीतरी विचारला आणि २०१७ पर्यंत तो दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला होता. पण चिरंजीव जेवणासाठी उठले, पडदा तसाच राहिला, आणि काकूंनी वाचलं. मुलगा रात्ररात्र जागून युगांडाला पैसे पाठवतो आहे, अशी त्यांची खात्री झाली. "घरातला गॅस मी मोजून वापरते," त्या मला म्हणाल्या, "आणि हा बघा!"

त्याच वर्षी ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्टचं वारं आलं. महिनाभरात ओपन सोर्स प्रकल्पांना चार पुल रिक्वेस्ट, म्हणजे सुचवलेल्या दुरुस्त्या, पाठवा आणि टी-शर्ट मिळवा, अशी ही योजना २०१४ पासून चालत आलेली. २०२० मध्ये तिचा पार विचका झाला. टी-शर्टच्या आशेने हजारो पोरांनी कुणाच्याही प्रकल्पाच्या माहितीपत्रकात शिरून एखादं विशेषण घुसडलं, कुठे स्वल्पविराम हलवला, नि पाठवून दिलं. रात्री जागून फुकट काम करणारे मेंटेनर हा कचरा काढता काढता मेटाकुटीला आले, आणि ज्या प्रकल्पांची संमती असेल तेवढेच धरायचे, असा नियम ऐन महिन्यात करावा लागला. चिरंजीवांच्या वर्गातल्या कितीतरी जणांनी टी-शर्ट पटकावले. चिरंजीवांच्या हातून मात्र हे पाप घडलं नाही.

सेटअप व्हायचा होता.

मी एकदा वैतागून त्यांना लिनस टोरवाल्ड्सची गोष्ट सांगितली. हेलसिंकीतला एकवीस वर्षांचा विद्यार्थी. २५ ऑगस्ट १९९१ ला त्याने लोकांना कळवलं की मी एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, आपली हौस म्हणून, फार मोठं काही नाही. आज फोनपासून महासंगणकांपर्यंत तीच लिनक्स आहे. पुढे एप्रिल २००५ मध्ये याच माणसाने गिट लिहायला घेतलं, आणि आठवडा उलटायच्या आत गिट स्वतःचाच कोड सांभाळू लागलं होतं. सांगण्याचा रोख असा की माणूस बसला आणि कामाला लागला.

चिरंजीव भारावून ऐकत होते. "काका," ते म्हणाले, "त्याचा एडिटर कोणता?"

मायक्रोईमॅक्स, असं मी सांगून बसलो. पुढचे काही दिवस चिरंजीव मायक्रोईमॅक्स कंपाइल करत होते.

१३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहबने कमांडमधून कोड पाठवताना खात्याचा पासवर्ड स्वीकारणं बंद केलं. टोकन नाहीतर एसएसएच किल्ली हवी. नेमके त्याच महिन्यात चिरंजीव पहिल्यांदा काहीतरी पाठवायला सज्ज झाले होते. हाताशी होता दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ, त्यात मास्तर हसत हसत पासवर्ड टाकतो आणि कोड जातो. चिरंजीवांचा जाईना. त्यांनी पासवर्ड बदलला, पुन्हा बदलला, आणि मग संगणकातच काही बिघाड असेल म्हणून आर्च लिनक्स बसवायला घेतलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, त्यातली निम्मी नकटीनेच बोलावलेली. रात्री दोन वाजता काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढेच शब्द उरले. आत बाबांच्या जीएसटीच्या फायली होत्या.

त्या रात्री वरून भांड्यांचे आवाज आले नाहीत, बोलण्याचे आले. दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतः लॅपटॉप तपकीर गल्लीतल्या दुकानात नेला, समोर बसून त्यावर पुन्हा विंडोज घालून घेतलं, आणि दुकानदाराने "नाव काय टाकू?" असं विचारल्यावर सांगितलं, "श्री गजानन प्रसन्न". मधे जागा सोडून, देवनागरीत. विंडोजमध्ये खात्याचं नाव पुढे बदललं तरी फोल्डरचं पहिलं नाव तसंच राहतं. तेव्हा चिरंजीवांचं सगळं साहित्य यापुढे श्री गजानन प्रसन्न यांच्या घरी.

यानंतर बराच काळ अहवाल येईना. जिन्यात दिसला तर मुलगा मोबाइलमध्ये बघत वर जायचा. सेटअपचं विचारलं तर नुसता "हं". मला त्या वाक्याची इतकी सवय झाली होती की ते ऐकू येईना तेव्हा करमेना, हे काकूंना कळू नये. एकदा दार उघडं होतं म्हणून डोकावलो. तो एका प्रकल्पातल्या प्रश्नाखाली तीन ओळींचं उत्तर लिहीत होता. लिहायचा, वाचायचा, पुसायचा. माझी चाहूल लागताच खिडकी मिटली. "इंग्रजी बरोबर आहे का बघत होतो," म्हणाला. "तिथे सगळ्यांना दिसतं ना काका. कायमचं राहतं." रंग, फॉन्ट आणि तीन पायथन यांचा उलगडा मला तेव्हा झाला. आपल्या घरात हजारदा चुकलं तरी हसायला फक्त आई-बाबा असतात.

मग एका रविवारी तो धाडधाड जिना उतरत आला. एक छोटं अवजार बसवायला घेतलं होतं, त्याची स्थापनेची स्क्रिप्ट मधेच कोसळत होती. आणि जिथे स्क्रिप्ट चालवली तिथे 'गजानन' नावाचं एक रिकामं फोल्डर आपोआप तयार झालं होतं, शेजारी 'प्रसन्न' नावाचं दुसरं. 'श्री'ला विंडोजने परवानगी नाकारली होती.

"देवाचे तीन तुकडे केलेत काका त्यांनी!"

कारण साधं होतं. स्क्रिप्टमध्ये घरच्या फोल्डरचा पत्ता अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेला. पत्त्यात मोकळी जागा असली की स्क्रिप्ट चालवणारं बॅश तिथे तोडतं आणि एका पत्त्याचे तीन समजतं. ज्यांनी ती स्क्रिप्ट लिहिली, त्यांच्या फोल्डरांची नावं आटोपशीर, एका शब्दाची. शिवाय स्थापनेचं पान जुनी माणसं पुन्हा उघडतच नाहीत. त्यांचं बसवून केव्हाच झालेलं असतं. त्या पानावर पाय अडखळतो फक्त नव्याचा, आणि नवा समजतो की आपलंच चुकलं. याचं मात्र एव्हाना इतक्या ठिकाणी इतकं चुकून झालं होतं की आपलं कुठलं आणि दुसऱ्याचं कुठलं, हे त्याला वासावरून कळत होतं. कुठली कमांड नव्या माणसाला कुठे दगा देईल, हे सांगणारा याच्याइतका जाणकार मी माझ्या ऑफिसात पाहिलेला नाही, आणि तिथे या कामाचे पगार फार चांगले आहेत.

त्याने दोन अवतरणचिन्हं घातली. खाली स्थापनेच्या पानावर दोन ओळी जोडल्या. दोन अवतरणचिन्हं म्हणजे दिसायला त्या टी-शर्टवाल्यांच्या स्वल्पविरामाएवढीच, म्हणून पाठवायला त्याचा हात धजेना. "त्यांना वाटेल मी पण तसलाच." अखेर रात्री पाठवली. तीन आठवडे काहीच नाही. मग कुठल्याशा देशातल्या मेंटेनरचं उत्तर आलं: आभार, हीच चूक आणखी दोन फायलींत असावी, तीही बघणार का? त्याने बघितली. मर्ज झालं.

काकूंनी पेढे वाटले. परदेशातल्या लोकांची चूक आमच्या ह्याने काढली, एवढं त्यांना नीट कळलं होतं. पगार किती, एवढंच कळलेलं नव्हतं. फुकट आहे, असं त्याने सांगितल्यावर त्यांनी पेढ्याचा डबा मिटवला.

पण 'फुकट' हा शब्द सोसायटीच्या सेक्रेटरींच्या कानावर गेला. ते त्याच संध्याकाळी वर आले. मेंटेनन्सच्या पावत्या, पार्किंग, पाण्याचा टँकर आणि वॉचमनची हजेरी, सगळं एका ॲपमध्ये हवं. परदेशी लोकांचं फुकट करतोस, मग आपल्या माणसांचं करायला काय हरकत आहे? शनिवारपर्यंत झालं तर बरं.

"असं तोंडी नाही चालत काका," तो शांतपणे म्हणाला. "इश्यू टाका. नीट लिहून. मी वेळ मिळेल तसं बघेन."

सेक्रेटरींनी खाली जाऊन तो सोसायटीच्या तक्रारवहीत टाकला. त्याच्याखाली काकूंनी ताबडतोब आपल्या गळक्या नळाचा टाकला आहे.