दुपारी एक ते चार : पर्याय तोलण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

धंद्यात अडचण आली की सर्वप्रथम ती अडचणच नाही असं सिद्ध करून पाहावं. पुण्यात, विशेषतः लक्ष्मी रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या पेठांत, निम्म्या अडचणी इथेच सुटतात. गिऱ्हाईक कमी झालंय? रस्ता खणलाय. रस्ता बुजला तरी येत नाही? पितृपक्ष आहे. पितृपक्ष संपून दिवाळी आली आणि तरीही गल्ला हलका लागतोय, असं झालं तर मात्र पर्यायांचा विचार करण्यावाचून पर्याय नाही. प्रस्तुत मार्गदर्शन अशा हतभागी व्यावसायिकांसाठी आहे.

सरावासाठी एकच प्रश्न घेऊ. दुकान दुपारी एक ते चार उघडं ठेवावं का?

बाहेरगावच्या वाचकाला यात प्रश्न कुठे आहे हेच कळणार नाही. त्याने एवढंच ध्यानात घ्यावं, की 1950 साली पुण्यात सुरू झालेलं चितळे बंधूंचं दुकान बाकरवडीइतकंच दुपारच्या बंद दारासाठी प्रसिद्ध होतं, आणि 2017 साली त्यांनी दुपारीही विक्री चालू ठेवायचं ठरवलं तेव्हा ती वर्तमानपत्रांत छापण्याजोगी बातमी ठरली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राज्याचा नवा दुकाने व आस्थापना कायदा लागू झाला आणि दुकानांना बारा महिने चोवीस तास उघडं राहायची मुभा मिळाली. मुभा, सक्ती नाही. हे पेठांत लगोलग नीट वाचून घेण्यात आलं.

आता कृती. एक पाठकोरा कागद घ्यावा. कोरा घेऊ नये, निर्णय अजून झालेला नाही. मधोमध उभी रेघ मारावी. ही रेघ बेंजामिन फ्रँकलिनची. सप्टेंबर 1772 मध्ये त्याने प्रीस्टली या शास्त्रज्ञाला पत्र लिहून सुचवलं, की रेघेच्या एका बाजूला अनुकूल मुद्दे लिहावेत, दुसऱ्या बाजूला प्रतिकूल. तीन-चार दिवस सुचेल तशी भर घालावी आणि मग सारख्या वजनाचे मुद्दे समोरासमोर खोडत जावं. पुण्यात तेव्हा हे पत्र वाचायला कुणाला सवड नव्हती. नोव्हेंबरात थेऊरला थोरले माधवराव गेले आणि शहर वेगळ्याच पर्यायांत गुंतलं.

पद्धत चांगली, पण वजनं कोण ठरवणार? डाव्या बाजूला ‘जादा विक्री’, उजव्या बाजूला ‘वामकुक्षी’. फ्रँकलिनच्या हिशेबाने दोन्ही समान धरून खोडता येतील; पेठेच्या हिशेबाने उजव्या बाजूचा एकच मुद्दा डावीकडचे पाच खाऊन जातो आणि वर पान मागतो. म्हणून समिती नेमावी. पेशवाईत शहाणे साडेतीन होते, तुमच्याकडेही तेवढे पुरेत. बारा घेतले तर त्याचं बारभाई कारस्थान होतं. ते 1774 साली यशस्वी झालं होतं हे खरं, पण त्यांच्यापुढे फरसाणाचा प्रश्न नव्हता. आणि काका-पुतण्या दोघांनाही एकाच समितीत घेऊ नये. कारण शनिवारवाड्यात विचारावं.

समितीने पर्याय मांडताना दोनावर थांबू नये. ‘उघडं’ आणि ‘बंद’ एवढेच लिहिले की पुढे फक्त भांडण होतं. तिसरा पर्याय आपल्याकडे पूर्वापार आहे : अर्धं शटर. शटर कमरेपर्यंत खाली, आतला दिवा बंद, पंखा चालू. ओळखीचं गिऱ्हाईक वाकून आत येतं, अर्धा किलो चिवडा कुजबुजत मागतं, सुट्टे पैसे मोजून देतं आणि तसंच वाकून बाहेर पडतं. अनोळखी माणूस वाकला तर आतून फक्त “बंद आहे” एवढंच ऐकू येतं. या पर्यायात विक्रीही होते, तत्त्वही शाबूत राहतं, आणि गिऱ्हाईक आपणहून झुकतं, ज्याची किंमत कुठल्याच ताळेबंदात धरलेली नसते. दोष एकच : धंदा फक्त तुमच्या ओळखींइतकाच वाढतो, आणि पेठेतल्या ओळखी हल्ली कोथरूड-बावधनला राहायला गेल्यात.

यापुढचा भाग हिशेबाचा आहे. झोपाळलेल्या वाचकांनी चारनंतर यावं.

दुकानाचं भाडं, मिळकतकर, मालकाचा स्वभाव हे खर्च दार उघडा अगर लावा, तेवढेच राहतात. त्यांना तागडीत घालू नये. पर्यायागणिक जे बदलतं तेवढंच तोलावं. समजा, दुपारच्या तीन तासांत 6,000 रुपयांचा माल गेला आणि नफा शेकडा 20. म्हणजे 1,200 सुटले. जादा माणसाचे 500 आणि विजेचे 200 वजा जाता 500 उरले. इथे बहुतेक दुकानदार पेढे वाटतात. पण त्याच दिवशी संध्याकाळचा गल्ला 4,000 ने उतरला असेल, तर दुपारी आलेली बरीचशी मंडळी संध्याकाळचीच, फक्त लवकर आलेली. खरी वाढ 2,000 ची, त्यावर नफा 400, खर्च 700. थोडक्यात, रोज पदरचे 300 रुपये घालून तुम्ही स्वतःची झोप मोडलीत. म्हणून महिनाभर प्रयोग करावा आणि दुपारचा गल्ला न पाहता आख्ख्या दिवसाचा पाहावा.

एवढं वाचून ‘बंद’वाले खूश झाले असतील. त्यांनी जरा थांबावं. ‘आहे तसंच चालू द्यावं’ हा पर्याय कागदावर फुकट दिसतो, कारण त्याचा खर्च कुठल्याही खातेवहीत चढत नाही. दोन वाजता बंद शटर पाहून पुढच्या गल्लीत गेलेलं गिऱ्हाईक तिकडेच रुळतं, आणि ते गेलं हे तुम्हाला कळत नाही, कारण तेव्हा तुम्ही डाव्या कुशीवर असता. माझ्या मते धंद्यातले सर्वांत महागडे निर्णय हेच, जे कुणी घेतलेलेच नसतात. उपाय सोपा आहे. आठवडाभर दुपारी समोरच्या ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसावं आणि शटरपाशी येऊन, पाटी वाचून, काहीतरी पुटपुटत परतणारी माणसं मोजावीत. काय पुटपुटतात ते टिपायची गरज नाही. झोप राखावी की नाही हे ठरवण्यासाठी आठवडाभर झोप घालवावी लागते, ही या पद्धतीतली मान्य त्रुटी आहे.

नाकारलेला पर्याय फाडू नये. ज्या कारणासाठी नाकारला ते तारखेसह कागदावर लिहावं आणि कागद माळ्यावर टाकावा, कारण पर्याय तोच राहतो, कारणं मात्र जुनी होतात. आकुर्डीच्या बजाज ऑटोने 2009 साली स्कूटर बंद करून सगळा भर मोटरसायकलवर द्यायचं जाहीर केलं. राहुल बजाज यांनी आपल्याला वाईट वाटल्याचं उघड सांगितलं; राजीव बजाज यांचा निर्णय कायम राहिला. 2020 च्या जानेवारीत ‘चेतक’ पुन्हा बाजारात आली, यावेळी विजेवर. कायनेटिकची 1972 ची लूनाही 2024 मध्ये तशीच बॅटरी लावून परतली. ज्यांनी जुन्या लूनाचं पेडल मारत सदाशिव पेठ ते डेक्कन गाठलंय, त्यांनी हा पर्याय आपणच जिवंत ठेवला असं समजायला हरकत नाही.

अखेरीस निर्णय ‘उघडं’ असा लागलाच, तर खचून जाऊ नये. पाटी आपल्याच हातात असते. रंगाऱ्याला मजकूर पुढीलप्रमाणे द्यावा :

‘दुकान दुपारी 1 ते 4 उघडे आहे. खात्री करण्यासाठी बेल वाजवू नये.’