शिफारशीचे वतन
फावल्या वेळात सध्या काय वाचता, या निरुपद्रवी पृच्छेला सुशिक्षित मराठी गृहस्थाकडून जो जबाब मिळतो, त्यात भालचंद्र नेमाड्यांची १९६३ सालची ‘कोसला’ हटकून हजर असते, आणि ‘पुन्हा एकदा वाचतो आहे’ या पुस्तीमुळे ती प्रथम कधी वाचली, हा प्रश्न दाखल होण्यापूर्वीच खारीज होतो. शिवाजी सावंतांच्या १९६७ सालच्या ‘मृत्युंजय’ची शिफारस तर वतनासारखी पित्याकडून पुत्राकडे चालत आली आहे, खुद्द ग्रंथ मात्र लग्नातल्या आहेराच्या वेष्टनासह कपाटात (अक्षरशः) निष्कलंक उभा असतो. क्वचित एखादा भाबडा इसम ही शिफारस शिरोधार्य मानून पुस्तक खरोखरच संपवतो व चर्चेसाठी वेळ मागतो. त्याच्या अर्जाला ‘निवांत बसू कधीतरी’ अशी बेमुदत तहकुबी मिळते.