पंच, पडदा आणि पंचनामा

फुटबॉलमधील ‘व्हीएआर’ म्हणजे मैदानाबाहेर पडद्यासमोर बसून मुख्य पंचाच्या चुका शोधणाऱ्या सहायक पंचाची व्यवस्था होय; २०१८ साली तिला नियमांत स्थान मिळाले, आणि गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड व भलत्याच खेळाडूला दाखवलेले कार्ड या चारच बाबतींत, तेही प्रामुख्याने चूक ‘स्पष्ट व उघड’ असेल तर, तिने तोंड उघडावे असे ठरले. चूक उघड आहे की नाही हे ठरवण्यासाठी चित्रफीत मिनिटेच्या मिनिटे मागेपुढे करावी लागते, यातील विनोद नियमकर्त्यांच्या ध्यानात आला नसावा.

यवतमाळ जिल्ह्यातील कापूस उत्पादकाला मात्र ही पद्धत परकी वाटू नये, कारण पंच आणि पंचनामा हे एकाच कुळातले शब्द असून, अतिवृष्टीने शेत डोळ्यांदेखत खरडून गेले तरी तलाठी, कृषी सहायक व ग्रामसेवक यांच्या सह्यांवाचून ते गेले असे सरकारदरबारी मानता येत नाही, हे त्याला पाठ असते. नुकसान ३३ टक्क्यांच्या आत भरले तर ते मदतीपुरते नुकसान नव्हे. तद्वतच आक्रमक खेळाडूच्या खांद्याची कड बचावपटूच्या बोटभर पुढे असली तर तो ऑफसाइड.

भारतीय सुपर लीगने ‘व्हीएआर’च्या या कटकटीतून सुटका करून घेतली होती. २० डिसेंबर २०२३ रोजी अंधेरीत मुंबई सिटी व मोहन बागान यांच्या सामन्यात पंचांनी सात लाल कार्डे दाखवली, आणि त्यांतील एकाचाही पडद्यावर पंचनामा झाला नाही, कारण पडदाच नव्हता.